उपसंहाराची विद्या

विदर्भातील एका लहानशा विमानतळाच्या कुंपणालगत, कडुनिंबाच्या विरळ सावलीत, लोखंडी बाकावर बसून मार्च महिन्यातील एक सकाळ मी घालविली. माझी पुतणी तेथे वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी शिकत आहे आणि त्या दिवशी ती सेसना १७२ जातीच्या चार आसनी विमानातून, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून, एकटीच धावपट्टीभोवती फेऱ्या घालीत होती: वर जायचे, हजार फुटांवरून धावपट्टीला समांतर असे मागे यायचे, दोन वळणे घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे, उतरायचे आणि चाके टेकल्याबरोबर पुन्हा वर जायचे. तिचे शिक्षक, वायुदलातून निवृत्त झालेले एक मितभाषी गृहस्थ, हातात बिनतारी यंत्र घेऊन माझ्याच बाकावर बसले होते. चार वेळा विमान उतरले आणि चारही वेळा शिक्षकांच्या मुद्रेवर काहीही उमटले नाही. पाचव्या वेळी ते धावपट्टीच्या उंबरठ्यावरून आत आले, जमिनीपासून दहाएक फुटांवर आले, तेथे तरंगले, तरंगतच पुढे पुढे जात राहिले. आणि आता टेकणार, आता टेकणार असे म्हणत मी बाकावरून अर्धा उठलो असतानाच एंजिनाचा स्वर एकाएकी चढला आणि विमान, जड बोचके घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखे डोलत डोलत, वर निघून गेले. माझ्या पोटात गोळा आला. शिक्षकांनी यंत्र तोंडाशी नेलेसुद्धा नाही. ते स्वतःशीच म्हणाले, "सुटलं एकदाचं."

मराठीतील 'सुटणे' हे क्रियापद मोठे दुटप्पी आहे. हातातून निसटते तेही सुटते आणि बंधनातून मोकळा होतो तोही सुटतो. मला वाटले, मुलीच्या हातून उतरणे सुटले. त्यांना म्हणायचे होते की तिच्या मनाची मूठ सुटली. चार दिवसांपूर्वी याच मुलीने, शिक्षक शेजारी असताना, असेच तरंगणारे विमान बळेच जमिनीवर दाबण्याचा खटाटोप केला होता. पुढचे चाक आधी आपटले, विमान उसळले, पुन्हा आपटले, आणि दुसऱ्या उसळीनंतर शिक्षकांना सूत्रे आपल्या हाती घ्यावी लागली. कारण अशी उसळी दर खेपेस वाढत जाते व तिसऱ्या आपटीला बहुधा पुढच्या चाकाचा दांडा तरी मोडतो, नाहीतर पंखा तरी जमिनीला घासतो. हे सारे मला तिच्या आईकडून आधीच समजले होते. म्हणूनच त्या बाकावर मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

या परत वर जाण्याला वैमानिकांच्या बोलीत गो-अराउंड म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही. 'पुनरुड्डाण' असा एखादा शब्द शासकीय परिभाषाकोशात शोभून दिसला असता, परंतु ज्या घाईत तो उच्चारावा लागतो त्या घाईत असली जोडाक्षरे कोणाच्या जिभेवर येतील असे मला वाटत नाही.

उतरणे ही क्रिया दुरून पाहणाराला एक वाटते. करणाराला ती शंभर लहान लहान दुरुस्त्यांची माळ असते. उतार तीन अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलास सुमारे तीनशे फूट. या विमानाचा वेग शेवटच्या टप्प्यात पासष्ट नॉटच्या आसपास. नाक कोठे रोखलेले असावे, वारा कोणत्या बाजूने ढकलतो आहे, एंजिनाला किती मुभा द्यावी, याचा हिशेब क्षणोक्षणी बदलत असतो. वेग दहा नॉट जास्त झाला म्हणून आकाशात कोणाचे काही बिघडत नाही. पण तोच जादा वेग घेऊन विमान जमिनीच्या अगदी निकट आले, म्हणजे पंखांच्या छत्तीस फूट विस्ताराच्याही आत आले, की तेथे हवेचा रोध कमी होतो आणि विमान खाली बसावयाचे नाकारते. धावपट्टी पायांखालून वाहून जाऊ लागते. आणि येथेच मोहाला जागा मिळते. कारण आतापर्यंतची प्रत्येक चूक एका लहानशा दुरुस्तीने मिटलेली असल्यामुळे हीही मिटेल, अशी मनाची खात्री होऊन बसते. कोणत्याही एका क्षणी चूक मोठी नसते. मोठी असते ती चुकांची बेरीज, आणि बेरीज करावयास लागणारा निवांतपणा नेमका तेव्हा नसतो.

हा मोह केवळ नवशिक्यांचा असता तर त्यावर निबंध लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या वेळी विमान अस्थिर रीतीने खाली येत असते आणि नियमाप्रमाणे परत वर जाणे बंधनकारक असते, अशा शंभर प्रसंगांपैकी सुमारे तीन प्रसंगीच वैमानिक वर जातात. उरलेले सत्त्याण्णव उतरतात, आणि बहुतेक सुखरूप उतरतात. हीच यातली खरी आपत्ती होय, कारण प्रत्येक सुखरूप उतरणे नियमभंगाच्या बाजूने साक्ष देऊन जाते. ती साक्ष मग एके दिवशी खोटी ठरते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीमाथ्यावरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि त्यातील १६६ माणसांपैकी १५८ मृत्युमुखी पडली. विमान प्रमाणाबाहेर उंच होते, वेगही अधिक होता. सहवैमानिकाने तीनदा परत वर जाण्याविषयी म्हटले, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र ओरडत राहिले. तरी ८,०३३ फूट धावपट्टीपैकी सुमारे ५,२०० फूट मागे टाकून ते टेकले. मग, एंजिनांचा झोत उलटा फिरवून झाल्यावर, प्रमुख वैमानिकाने वर जाण्याचा प्रयत्न केला. म्हणजे त्यागाची बुद्धी झाली नाही असे नव्हे. ती झाली, पण मुदत टळल्यावर दाखल केलेल्या अर्जासारखी.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला जे घडले ते मला याहून अधिक विचार करावयास लावते. तेथील वैमानिक अनुभवी होता, आणि पहिल्या प्रयत्नात त्याने शिस्तीने गो-अराउंड केलेही होते. दुसऱ्या खेपेस पाऊस, पाठीमागून येणारा वारा, आणि सहवैमानिकाची परत वर जाण्याची सूचना, इतके असूनही विमान धावपट्टीच्या मध्याजवळ टेकले. २१ जण गेले, त्यांत दोघे वैमानिकही होते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण तेथूनच करावयाचे असल्याची निकडही या निर्णयामागे होती, असे चौकशी अहवालात म्हटले आहे. एकदा सोडलेले फळ दुसऱ्यांदा सोडणे हे पहिल्यापेक्षा सोपे असेल असे आपण धरून चालतो. वस्तुतः ते अधिक अवघड असावे. पहिल्या त्यागाने माणसाच्या मनात एक येणे निर्माण होते, आणि दुसऱ्या वेळी ते वसूल करण्यासाठी मन तगादा लावते.

फलत्यागाविषयी आपल्याकडे जितके बोलले गेले आहे तितके क्वचित दुसऱ्या कशाविषयी बोलले गेले असेल. परंतु प्रवचनांतून जे फळ सोडावयास सांगतात ते बहुधा दूरचे, अजून न पिकलेले, कदाचित मिळणारच नाही असे असते. आणि असे फळ सोडण्याची उदारता आपणां सर्वांच्या अंगी असते. मग दहा फुटांवर आलेले फळ सोडण्याचे काय? शिवाय, गीतेचा आधार घेऊ पाहणाराला येथे एक अडचण ताबडतोब आडवी येते. कुरुक्षेत्रावर माघार घेऊ पाहणारा अर्जुनच होता, आणि सबंध गीता त्याला त्या माघारीपासून परावृत्त करण्यासाठीच सांगितली गेली. तेव्हा हाती घेतलेले कार्य अर्ध्यावर सोडून वर निघून जाणाऱ्या वैमानिकाला 'धनुष्य टाकू नकोस' असे म्हणणाराची बाजू वरवर पाहता शास्त्रसंमतच ठरेल. मंगळूर येथील वैमानिकाने धनुष्य टाकले नाही.

या अडचणीतून बाहेर पडण्याची वाट मला गीतेत नव्हे, महाभारतातच पुढे, सौप्तिकपर्वात सापडली. युद्ध संपले आहे. झोपलेल्यांची कत्तल करून पळालेला अश्वत्थामा कोंडीत सापडून ब्रह्मशिर नावाचे अस्त्र सोडतो. ते थांबविण्यासाठी अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. आणि दोन अस्त्रांच्या मध्ये व्यास व नारद येऊन उभे राहतात. दोघांनाही अस्त्र परत घेण्यास सांगितले जाते. अर्जुन ते परत घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही. ज्याचे मन संयमाने घडलेले नाही त्याच्याकडून सुटलेले हे अस्त्र परत येत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. शेवटी तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवितो. त्याला प्रयोग येत होता, उपसंहार येत नव्हता. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला ती विद्या संतोषाने दिली आणि मुलाला त्याच्या हट्टापायी, मनाविरुद्ध दिली, ही त्याच पर्वातील माहितीही शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. रामायणात विश्वामित्राकडून अस्त्रे मिळाल्यावर राम आपण होऊन मागतो ते त्यांचे संहार, म्हणजे ती आवरून घेण्याची विद्या. विद्यार्थी अर्ध्या विद्येवर समाधान मानावयास तयार नाही, हे पाहून गुरूला धन्यता वाटली असली पाहिजे.

एकाच अर्जुनाच्या या दोन माघारी एका तागडीत घालता येत नाहीत. पहिलीत गात्रे शिथिल होतात, हात निकामी होतो, धनुष्य गळते. दुसरीत जे करावे लागते ते सोडण्याहूनही दुष्कर असते. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून काढलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त सबंध भर कशावर आहे हे मराठी वाचकाला सांगावयास नको. टाकावयाची ती फळाची आसक्ती, कर्म नव्हे. गो-अराउंडइतके या सिद्धान्ताचे रोखठोक प्रात्यक्षिक मी दुसरे पाहिलेले नाही. बाहेरून पाहणाराला दिसते ते न उतरणे, म्हणजे अकर्म. आत मात्र त्या पाच-सात सेकंदांत जितके कर्म दाटलेले असते तितके सबंध फेरीत नसते. थ्रॉटल पूर्ण पुढे. तसे केल्याबरोबर, उतरण्यासाठी साधून ठेवलेल्या तोलामुळे, विमानाचे नाक आपण होऊन उसळते, आणि वर जावयाचे असतानाच ते जोर लावून खाली दाबून धरावे लागते, नाहीतर वेग गळून पंखांचा आधारच जातो. उजवा पाय रेटावा लागतो. मग पंखांच्या मागील पडदे, ज्यांना फ्लॅप म्हणतात, ते आधी वीस अंशांवर आणि नंतर वेग व उंची पाहून बेताबेताने आत घ्यावयाचे. सारे एकदम घेतले तर विमान खचून जमिनीवर येते. नियंत्रकाशी बोलणे हे सर्वांत शेवटी. बोलण्याचा क्रम शेवटचा ठेवणारी शिस्त मला तर उपनिषदांच्या तोडीची वाटते!

कारण बोलून झाले म्हणजे केले असे नव्हे. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून दुबईस गेलेल्या एमिरेट्सच्या बोइंग ७७७ विमानात, धावपट्टीवर चाके टेकल्यानंतर, परत वर जाण्याचा निर्णय झाला. त्यासाठी असलेले बटण दाबले गेले. पण चाके जमिनीला लागल्यावर त्या बटणाचा अंमल एंजिनांवर चालत नाही, अशीच त्याची रचना होती. थ्रॉटल हाताने पुढे सारावयास हवे होते, ते कोणी सारले नाही. एंजिने मंदच राहिली, विमान सुमारे ८५ फूट चढले, चाके आत जाऊ लागली, आणि ते पोटावर आदळले. विमानातील तीनशेही माणसे वाचली. आग विझविणारा एक जवान मात्र प्राणास मुकला. संकल्प अगदी शुद्ध होता, उच्चारही झाला होता. संन्यासाची वस्त्रे नेसून घरी राहिलेल्या माणसासारखे ते विमान वर जाण्याच्या भावनेने खाली आले.

तेव्हा हे शिकवावयाचे कसे? शिक्षकांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी मला तत्त्वज्ञान सांगितले नाही, आपला शिरस्ता सांगितला. "मी मुलांना उतरायला शिकवतच नाही हो," ते म्हणाले. "मी सांगतो, आपण धावपट्टीवर येतो ते परत वर जायला. येता येता सगळं जुळलं तर टेकायचं. पाचशे फुटांवर मला सांगायचं, काय काय जुळलंय ते. नाही सांगता आलं तर हात पुढे." शिवाय ते वाटेल तेव्हा, कारण न देता, गो-अराउंडचा हुकूम सोडतात: कधी तीनशे फुटांवर, कधी चाके टेकता टेकता, कधी धावपट्टीवर गाय आली आहे असे समजावयाचे असते, आणि आमच्याकडे, ते हसून म्हणाले, समजण्याची गरज दर वेळी पडतेच असे नाही.

या शिकवणीत संकल्पच उलटा फिरविलेला आहे. सामान्यतः उतरणे हा हक्क आणि परत जाणे हा अपवाद. आणि अपवादाला नेहमी कारण द्यावे लागते, कारण शोधावयास वेळ लागतो, वेळ तर नसतो. येथे परत जाणे हा नियम आणि उतरणे हे, जुळून आले तर मिळणारे, प्रसादासारखे. प्रसाद मिळाला नाही म्हणून देवळात कोणी भांडत नाही.

यावर एक आक्षेप घेता येईल व तो क्षुल्लक नाही. कवायतीने अंगवळणी पाडलेला त्याग हा त्याग कसा? घोड्याला लगामाची सवय होते म्हणून घोडा विरक्त होत नाही. मी या आक्षेपापुढे पुष्कळ दिवस अडलो होतो. परंतु मन आवरण्याचे उपाय म्हणून पतंजलींनी आणि गीतेनेही अभ्यास व वैराग्य ही दोन एकाच श्वासात का सांगितली असावीत, याचा उलगडा मला त्या बाकावर झाला असे वाटते. वैराग्य विचाराने येते आणि विचाराला निवांतपणा लागतो. म्हणून ते जमिनीवर, आदल्या रात्री, वहीपुढे बसून येऊ द्यावे. दहा फुटांवर विचार पोचत नाही. तेथे पोचतो तो हात. आदल्या रात्रीच्या वैराग्याला दुसऱ्या दिवशीच्या हातापर्यंत नेऊन पोचविणारा जो जासूद, त्याचे नाव अभ्यास. घोड्याजवळ आदली रात्र नसते, एवढाच माणसात आणि त्याच्यात फरक. पण तो पुरेसा आहे.

एका ठिकाणी मात्र शिक्षकांची आणि गीतेची वाट वेगळी होते आणि मी, वयाने व संस्काराने गीतेकडचा असूनही, तेथे शिक्षकांच्या बाजूने कौल देतो. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि देहाला क्लेश होतील या भयाने केलेल्या त्यागाला राजस ठरवून त्याचे फळ नाकारले आहे. विद्यार्थ्यांत असे भित्रे त्यागीही असतात. जमीन जवळ आली की थ्रॉटल पुढे, असा कोणी एक जण सहा फेऱ्यांत एकदाही टेकला नव्हता म्हणे. "मग त्याला तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले. "वर असताना काही नाही," ते म्हणाले. "गो-अराउंडचा जाब मी कधीच मागत नाही. एकदा कैफियत मागितली की पुढच्या वेळी पोरगं कैफियतीचा विचार करत बसतं, आणि तेवढ्यात धावपट्टी संपते." त्या मुलाला त्यांनी नंतर आठवडाभर शेजारी बसवून जमिनीची भीती घालविली, पण भीतीपोटी केलेले त्याचे सहाही गो-अराउंड त्यांनी खरेच मानले. हेतूची छाननी करणारे शास्त्र मोक्षासाठी ठीक आहे. तीस लोकांचे, तीनशे लोकांचे प्राण हाती असलेल्या माणसाकडून हेतूची शुद्धी आधी आणि कृती मागून, असा क्रम मागणे मला क्रौर्याचे वाटते. मोठमोठ्या विमान कंपन्यांनीही आता गो-अराउंडबद्दल वैमानिकाला दोष न देण्याचे धोरण लेखी स्वीकारलेले आहे. परंतु लेखी धोरण आणि इंधनाचा हिशेब विचारताना वरिष्ठाच्या कपाळावर पडणारी आठी, यांतील अंतर कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नसते.

पुतणी आणखी दोन फेऱ्या करून दहाच्या सुमारास उतरली. तोवर नांगरलेल्या काळ्या जमिनीवरून ऊन तापून हवा धक्के देऊ लागली होती व सकाळचे उड्डाण तहकूब करण्याची वेळ झालीच होती. उपाहारगृहात चहा घेताना मी तिला विचारले की, त्या पाचव्या वेळी तुझ्या मनात काय आले. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि थोडा वेळ खरोखरच आठवून पाहिले.

"काही नाही हो काका. फ्लॅप एकदम घ्यायचे नाहीत, एवढंच."

मग तिने नोंदवही उघडली. त्या वहीत तारीख, विमान, उड्डाणाची वेळ असे रकाने असतात, आणि शेवटी शेऱ्यासाठी थोडी जागा असते. त्या जागेत तिने फेऱ्या आणि उतरणे असा मजकूर इंग्रजीत लिहून पुढे आकडा घातला: सहा. परत वर जाण्यासाठी वहीत रकाना नाही. ती पाचवी फेरी, जेमतेम सहा मिनिटांची, तासांच्या बेरजेत मात्र धरलेली होती. शिक्षकांनी ती बेरीज बोटाने तपासली, सही केली आणि वही मिटून तिच्याकडे सरकविली.